मदत हवी आहे: गिऱ्हाइकाच्या यूपीआयमुळे दुकानाचं खातं गोठलंय

नमस्कार मंडळी,

म्हापशाच्या बाजारात बाबांचं काजू-कोकमाचं दुकान आहे. गिऱ्हाईक बहुतेक पर्यटक, म्हणजे सगळा कारभार क्यूआरवर. परवा घाऊक व्यापाऱ्याला पैसे पाठवायला गेले तर जाईनात. शाखेत कळलं की परराज्यातल्या सायबर पोलिसांच्या सांगण्यावरून खात्याला ‘डेबिट फ्रीझ’ लागलंय. कोणीतरी काजू नेऊन २,४०० रुपये स्कॅन केले होते, ते म्हणे कुणालातरी लुबाडलेले पैसे.

फसलेला माणूस १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करतो आणि पैसा ज्या ज्या खात्यांतून फिरला ती सगळी एकेक करून अडकतात, एवढं समजलं. त्याला त्याचे पैसे मिळायलाच हवेत, त्याबद्दल वाद नाही. पण २,४०० साठी अख्खं खातं? त्यात गंमत अशी (संताप म्हणा हवं तर) की पैसे यायला बंदी नाही! गल्ल्याजवळचा डबा दिवसभर ‘प्राप्त झाले, प्राप्त झाले’ ओरडत होता आणि त्यातला रुपया बाहेर निघत नव्हता. शेवटी बाबांनी क्यूआरवर कागद चिकटवला. चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर आलीय, माल भरायचाय, पोरांचे पगार आहेत.

बँक म्हणते पोलिसांचं पत्र आणा. तिकडे फोन कोणी उचलत नाही. स्वतः जावं लागतं का? वकील लागतो का? कोणी यातून गेलंय का?

प्रतिसाद १:
ताई, तिकीट इतक्यात काढू नका. आधी शाखेकडून लेखी मागा: तक्रारीचा क्रमांक, ठाण्याचं नाव, तपास अधिकाऱ्याचा ईमेल, वादातली नेमकी रक्कम. मग त्या व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक, बिल आणि दुकानाचा परवाना जोडून अधिकाऱ्याला ईमेल करा, प्रत बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला. मागणी एकच ठेवा: लिअन (म्हणजे रक्कम अडवून ठेवणं) फक्त २,४०० वर राहू दे, बाकीचं मोकळं करा. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशाच खातेदारांच्या बाबतीत गोठवणूक वादातल्या रकमेपुरतीच ठेवायला सांगितलं होतं. आपल्याकडे तो निकाल बंधनकारक नाही, पण दाखला द्याच. वकील लागलाच तर पर्वरीला, मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे. तोवर नको.

प्रतिसाद २:
बँकेकडे लेखी तक्रारही नोंदवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, फी नाही. पोलिसांचा आदेश काही तो उठवणार नाही, पण बँकेची टोलवाटोलवी थांबते.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार. एक अडचण आहे, बिल कच्चं आहे, पेनाने लिहिलेलं. चालेल का?

प्रतिसाद १:
जोडा तेच. सोबत तुमच्या घाऊकवाल्याची खरेदीची पावती लावा, म्हणजे माल खरा होता हे दिसतं. आणि दुकानाचा क्यूआर घरखर्चाच्या खात्याला जोडलेला असेल तर तो आजच वेगळा करा.