मदत हवी आहे: जुनी ट्रेडमिल घ्यावी की जुनी सायकल?

नमस्कार मंडळी. गुडघ्याच्या दुखापतीनंतर दोन वर्षं व्यायाम पार सुटला होता. आता डॉक्टरांनी हिरवा कंदील दिलाय. आठवड्याला १५० मिनिटं तरी घरच्या घरी जमवायचीच आहेत. नवीन मशीन झेपणार नाही, म्हणून वापरलेलं शोधतेय.

काल एक ट्रेडमिल पाहिली. रिकामी असताना मस्त चालली, पण मी वर चढून चालायला लागले की पाऊल टेकताच पट्टा क्षणभर अडकायचा. पट्ट्याची एक कड उसवलेली. बंद करून पट्ट्याखाली हात घातला, तर आतली फळी कोरडी ठणठणीत! मालक म्हणतात, सिलिकॉन तेल घातलं की होईल. नुसत्या तेलानं भागतं का, की पट्टाच झिजलाय आणि मोटरवर ताण येतोय?

दुसरी आहे चुंबकीय रेझिस्टन्सची (म्हणजे चुंबकाच्या ओढीनं पेडल जड होणारी), एका जागी उभी राहणारी व्यायामाची सायकल. घासणारं पॅड नाही, आवाज कमी, गुडघ्यालाही सोसेल. फक्त पेडल मारताना क्रँकपाशी (पेडलचा दांडा जिथे बसतो तिथे) टकटक होते. बेअरिंग गेलं असेल का? ते बदलून मिळतं का?

माझं मन सायकलकडेच ओढ घेतंय. जुनं मशीन घेऊन ज्यांनी नेमानं वापरलंय, त्यांनी कृपया सांगा, अजून काय तपासू? रविवारपर्यंत दोघांनाही कळवायचंय.