अनुभव धागा: सोरॉरिटीच्या कामाने नोकरीसाठी काय शिकवले?

रानजाई
गेल्या आठवड्यात भरतीसाठी आलेले अर्ज चाळताना एका मुलीने अनुभवाच्या रकान्यात ‘सोरॉरिटीच्या शाखेची खजिनदार’ असे लिहिलेले दिसले, आणि शेजारच्या सहकाऱ्याने ते वाचून “म्हणजे पार्ट्या!” असा शेरा मारला. सोरॉरिटी म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांमधली मुलींची सभासद-संघटना; काहींचा सभासदांनी एकत्र राहण्याचा बंगलाही असतो. त्या शेऱ्याने माझे टेक्सासातले कॉलेजचे दिवस जागे केले. १९९८ साली ह्यूस्टन विद्यापीठात डेल्टा फाय ओमेगा, ऑस्टिनला कॅपा फाय गॅमा आणि न्यू यॉर्कच्या सेंट जॉन्स विद्यापीठात सिग्मा सिग्मा ऱ्हो अशा दक्षिण आशियाई मुलींच्या सोरॉरिटी एकाच वर्षी सुरू झाल्या. त्यानंतर काही वर्षांनी मी अशाच एका संघटनेत गेले. सिनेमात दिसतो तसा खांबांचा बंगला आमच्याकडे नव्हता. ग्रंथालयातली खोली मिळाली तर बैठक तिथे, नाही तर कोणाच्या तरी अपार्टमेंटमध्ये जमिनीवर बसून.

खजिनदार झाल्यावर पहिले काम आले ते थकलेली वर्गणी वसूल करण्याचे. जिच्याबरोबर रोज जेवायला बसायचे तिच्याकडेच पैसे मागायचे, तेही लेखी आणि मुदत घालून. एकीच्या वडिलांची नोकरी गेली होती, म्हणून तिला हप्ते बांधून दिले. ते कळताच दुसरीने तीच सवलत मागितली, तेव्हा तिला नाही म्हणावे लागले आणि पहिलीची अडचण उघड न करता कारणही सांगावे लागले. आज मोठ्या ग्राहकाशी थकबाकीवर बोलताना माझा आवाज कापत नाही, तो त्या वर्षामुळे. भगिनीभावाच्या घोषणांनी मला फारसे काही दिले असे वाटत नाही. हिशेब, सभागृहाचे आरक्षण, ध्वनियंत्रणा, टेबले उचलणे, यांतले काहीही ‘मुलगे बघतील’ म्हणून सोडता येत नव्हते, यातच सगळे आले. आपले अनुभव लिहा.

खमंग
वर्गणी वसुलीसाठी आमच्या आळीतल्या गणेश मंडळाची मुले पाठवू शकते. ती नाही ऐकून घेत नाहीत.

रानजाई
खमंग, त्यांची पावतीपुस्तके मात्र आमच्या लेखापरीक्षणात टिकली नसती.

ओहायोकर
मी जुन्या, बंगलेवाल्या सोरॉरिटीत होते आणि माझ्या वर्षात भारतीय मी एकटीच. नव्या मुली निवडण्याच्या आठवड्यात आम्ही दाराच्या आतल्या बाजूला उभ्या असायचो. एकामागून एक अनोळखी मुली आत येणार, प्रत्येकीशी काही मिनिटे बोलायचे, आणि मैत्रीण शेजारी येऊन उभी राहिली की चालू संभाषण न तोडता पाहुणी तिच्या हाती सोपवायची. मुलगे, मद्य, धर्म, राजकारण आणि पैसा हे पाच विषय वर्ज्य. हे सगळे वगळून समोरच्या व्यक्तीला बोलते करणे किती अवघड असते, ते करून पाहिल्याशिवाय समजत नाही. पहिल्या दिवशी मी तीन मुलींना हवामानाबद्दलच विचारले. पुढे औषध कंपनीत विक्रीच्या कामाला लागले आणि परिषदांमध्ये तेच तंत्र, अगदी पाहुणी सोपवण्यासकट, कामी आले.

तिसरा मजला
मी पुण्यातून वाचते आहे. ही सगळी नावे ग्रीक अक्षरांत का असतात?

ओहायोकर
मुलांच्या संघटनांची नावे तशी होती म्हणून. त्या संघटना मुलींना सभासद करून घेत नसत, म्हणून मुलींनी आपल्या वेगळ्या काढल्या. इंडियानातल्या ग्रीनकॅसल येथे बेटी लॉक या विद्यार्थिनीला मुलांच्या संघटनेने आपला बिल्ला मिरवण्यापुरता देऊ केला होता. पूर्ण सभासदत्व मिळणार नसेल तर बिल्लाही नको असे तिने सांगितले, आणि १८७० मध्ये मैत्रिणींसह कॅपा अल्फा थीटा स्थापन केली.

तिसरा मजला
बिल्ला नाकारणारी आवडली. आमच्या वसतिगृहात मेस समिती होती आणि भाजीवाल्याशी घासाघीस मीच करायचे, पण ते कोणी अर्जात लिहीत नाही.

खमंग
लिहायला हवे!

कडू कारले
थोडा विरोधी सूर लावते. मी एका सोरॉरिटीत सत्रभर राहून बाहेर पडले. वर्गणी, ठरावीक रंगाचे कपडे आणि ‘मोठ्या बहिणी’साठी, म्हणजे नव्या मुलीला नेमून दिलेल्या जुन्या सभासदासाठी, भेटवस्तू या खर्चात माझी ग्रंथालयातली कमाई संपत असे. नव्या मुलींना रात्री-अपरात्री बोलावून घ्यायचे आणि त्याला परंपरा म्हणायचे, हेही तिथे चालत होते. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत अशा छळाची माहिती जाहीर करणे महाविद्यालयांना बंधनकारक करणारा संघीय कायदा झाला, तो उगाच झालेला नाही. ज्यांच्या घरी पैसा आणि ओळखी आधीच होत्या, त्यांचाच आत्मविश्वास तिथे वाढताना मी पाहिला.

रानजाई
खर्चाबद्दल तुमचे म्हणणे पूर्ण मान्य आहे. रात्रीच्या बोलावण्यांचे तर समर्थन होऊच शकत नाही.

पीचट्री
अटलांटातल्या माझ्या वरिष्ठ अल्फा कॅपा अल्फाच्या सभासद आहेत. ही कृष्णवर्णीय स्त्रियांची सोरॉरिटी १९०८ मध्ये वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात सुरू झाली. कमला हॅरिस याच संघटनेच्या. पदवीनंतर सभासदत्व संपत नाही, पदवीधरांच्या वेगळ्या शाखा असतात, त्यामुळे साठीतल्या न्यायाधीश बाई आणि पंचविशीतली परिचारिका एकाच बैठकीत बसतात. कडू कारले म्हणतात त्या ओळखी ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या येऊ दिल्या गेल्या नाहीत, त्यांनी त्या अशा उभ्या केल्या. माझ्या वरिष्ठांना पहिली नोकरी अशाच एका बाईंच्या फोनमुळे मिळाली.

कडू कारले
हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. तरी रंगीत कपड्यांचा खर्च मी विसरणार नाही.

वॉबॅश
पर्ड्यू विद्यापीठात १९८४ मध्ये खास अभियांत्रिकीच्या मुलींसाठी फाय सिग्मा ऱ्हो निघाली. मी दुसऱ्या एका विद्यापीठातल्या शाखेत होते. वर्गात मुली इतक्या थोड्या की प्रश्न विचारला तर सगळे वळून बघत. शाखेच्या बैठकीत रॉबर्टच्या सभानियमांप्रमाणे ठराव मांडायचा, अनुमोदक शोधायचा, दुरुस्तीवर मत घ्यायचे आणि हरलेल्या बाजूने निर्णय पाळायचा. माझा पहिला ठराव जोरात आपटला, पण मी बोलायची थांबले नाही. मुलाखतीचा सराव पुढच्या वर्गातल्या मुली घेत आणि “आम्ही केले” असे म्हटले की लगेच अडवत: “तू काय केलेस ते सांग.”

सांजवात
भाची इलिनॉयमध्ये आहे आणि शाखेच्या भोजनव्यवस्थेची प्रमुख होती. अर्जात हे लिहावे का, असे ती विचारते आहे.

रानजाई
अवश्य लिहावे. संघटनेचे नाव एकदाच पुरे. खाली किती मुलींचे जेवण, महिन्याचे अंदाजपत्रक किती, पुरवठादार बदलला असेल तर का, हे आकड्यांनिशी द्यावे. ‘नेतृत्वगुण’ हा शब्द काढून टाकावा. मुलाखतीत लोक भोजनाबद्दलच विचारतील.

सांजवात
पुरवठादार तिने खरोखरच बदलला होता. तिला आजच कळवते.