कॉर्ड पाठ करायची की बांधायची?

सहावी तार
‘कॅपो पुरे’ यांनी काल लिहिलं, की गिटारवरच्या कॉर्डचे (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचे) आठ ओपन शेप, म्हणजे काही तारा मोकळ्या ठेवून बोटं ठेवायच्या जागा, पाठ करा, कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून स्वर चढवणारा चिमटा) घ्या आणि वाजवा. थिअरी हा वेळेचा अपव्यय आहे. नवीन मुलं हे वाचतात, म्हणून सविस्तर उत्तर देतोय.

ए मेजर धरा, मग ए मायनर. बी तारेवरचं बोट दुसऱ्या फ्रेटवरून (दांडीवरच्या पडद्यावरून) पहिल्यावर आलं, बाकी काही हललं नाही. ई मेजरचा मायनर करताना जी तारेवरचं बोट उचललं. डीचा करताना पहिल्या तारेवर एक फ्रेट मागे. तीन वेगळे शेप, पण कॉर्डचा मूळ स्वर सा धरला, तर तिन्हीत हलला तो तिचा गंधार, म्हणजे ग. सा आणि प जागेवरच. सापासून चार फ्रेटवर शुद्ध ग, तीनवर कोमल, सातवर प.

आता सी मायनर ओपनमध्ये का सापडत नाही ते बघा. सीच्या शेपमध्ये पहिली तार मोकळी वाजते आणि तोच गंधार आहे. मोकळी तार आणखी खाली उतरवणार कशी? जीमध्ये बी तार मोकळी, तिथेही तेच. म्हणून बार लावावा लागतो, म्हणजे एकाच बोटाने अनेक तारा दाबाव्या लागतात. पाठ करणाऱ्याला ही निव्वळ अडचण वाटते, बांधणाऱ्याला तिचं कारण दिसतं.

कॅपो पुरे
मी ऑर्केस्ट्रात वाजवून घर चालवलंय. स्टेजवर सा-ग-प मोजायला वेळ नसतो, बोटं आपोआप जातात. माझ्या भाच्याला क्लासमध्ये पहिल्याच महिन्यात सर्कल ऑफ फिफ्थ्स (पट्ट्यांचं आपसातलं नातं दाखवणारं वर्तुळ) घोकायला लावलं. एक गाणं शिकवलं नाही. पोराने गिटार कपाटावर टाकली ती आजतागायत तिथेच आहे. मुलं तुटतात त्याची जबाबदारी तुम्ही घेणार का?

काळी एक
मी गाते, म्हणून दुसरी बाजू सांगते. गणपतीतल्या कार्यक्रमात माझा घसा बसला होता. पांढरी दोनवर बसवलेलं गाणं ऐनवेळी काळी एकवर घ्यायचं ठरलं, म्हणजे फक्त अर्धा स्वर खाली. गिटारवाला दादा अडकला, कारण कॅपोने स्वर वर जातो, खाली येत नाही. त्याला डी, जी, ए हे शेप येत होते, पण ते त्या पट्टीतल्या पहिल्या, चौथ्या आणि पाचव्या स्वरावरचे आहेत हे माहीत नव्हतं. माहीत असतं तर पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून सी, एफ, जी वाजवले असते, संपलं. मी मूळ पट्टीत ओरडून गायले आणि पुढचे काही दिवस आवाज गेला.

तानपुरा
मूळ पोस्टमधलं एक विधान खोडायलाच हवं. सापासून चौथ्या फ्रेटवर शुद्ध गंधार नाही. तो चढा आहे. जुळलेल्या तानपुऱ्यातून जो गंधार आपसूक ऐकू येतो तो ५:४ या गुणोत्तराचा, म्हणजे सुमारे ३८६ सेंट (एक फ्रेट म्हणजे १०० सेंट). गिटारचा ४००. खात्री करून घ्या: सहाव्या तारेवर चौथ्या फ्रेटच्या किंचित अलीकडे हलका स्पर्श करून हार्मोनिक (तार न दाबता निघणारा बारीक उपस्वर) काढा, तो साधारण ४१२ हर्ट्झ. मग पहिल्या तारेचा चौथा फ्रेट दाबा, तो ४१५. दोन्ही एकत्र वाजवले की स्वर थरथरतो. असल्या गंधारावर मुलांचे कान तयार करू नका.

पेटीवाला
आलात वळणावर! हाच चढा गंधार दाखवून आकाशवाणीने १९४० साली पेटी बाहेर काढली आणि १९७१ पर्यंत ती आत येऊ दिली नाही. ज्या पेटीवर गोविंदराव टेंबे वाजवून गेले, ज्या पेटीवर अख्खं संगीत नाटक उभं राहिलं, ती बेसूर? माझ्या वडिलांनी आयुष्यभर भजनाला साथ केली. त्यांना तोंडावर ‘हे वाद्यच नव्हे’ म्हणणारे भेटले. ते मी विसरलेलो नाही.

तानपुरा
वडिलांबद्दल मी एक शब्द काढलेला नाही. टेंब्यांची बोटं थोर होती म्हणून पट्टीचा स्वर उतरत नाही. पेटीला मींडही (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) नाही.

पेटीवाला
मींड गिटारला आहे, तार ओढता येते. मग गिटारवर का घसरलात? तुम्हाला फक्त कुणाला तरी बेसूर ठरवायचंय.

मडगावकर
दोघांनीही थांबा. आमच्या गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलं स्वरलिपी वाचायला शिकली, आणि त्यांच्यातलेच पुढे मुंबईच्या सिनेमा-ऑर्केस्ट्रात गेले. माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस, अरेंजर सेबॅस्टियन डिसोझा, ही सगळी तीच परंपरा. रागाच्या चालीखाली कुठली कॉर्ड बसेल हे त्यांना कळायचं, कारण कॉर्डमध्ये कोणते स्वर आहेत ते माहीत होतं. आमच्या घरी मांडो (कोंकणी गीत) म्हणताना आत्या दुसरा आवाज लावायची, मुख्य स्वरापासून तिसऱ्या स्वरावर. तेव्हा सेंट कुणी मोजले नाहीत, आणि गोडही लागायचं.

तानपुरा
आत्या गळ्याने गंधार आपोआप उतरवत असतील, म्हणून गोड. पण एवढं मान्य करतो: बाराही पट्ट्यांत कॉर्ड वाजवायची तर गिटारला हे चौदा सेंट सोसावे लागतात. एका पट्टीत शुद्ध लावली की दुसरीत ती फाटते. ख्याल गाणाऱ्याने मात्र त्या गंधाराला प्रमाण मानू नये, यावरून मी हटणार नाही.

सहावी तार
ख्यालाबद्दल मी बोललोच नव्हतो. कॅपो पुरे, भाच्याला महिनाभर गाण्याविना ठेवणं चूकच, आणि तुमचे आठ शेप आधी यावेत हेही मला मान्य. पण नववा शेप त्याने कुणाला विचारायचा?

कॅपो पुरे
पुस्तकाला. बरं, काळी एक ताईंचं पटलं, तेवढंच. पहिला-चौथा-पाचवा मी भाच्याला सांगेन. पण सेव्हन्थच्या भानगडीत त्याला पाडणार नाही. सी सेव्हन आणि सी मेजर सेव्हन मी शेपवरूनच ओळखतो.

सहावी तार
पहिल्यात कोमल नि आहे, दुसऱ्यात शुद्ध. ओपन सीमध्ये बी तारेवरचं बोट उचला, मोकळी तार शुद्ध नि देते, मेजर सेव्हन तयार. ते बोट राहू द्या आणि करंगळी जी तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर ठेवा: कोमल नि, म्हणजे सी सेव्हन. भाच्याला दोन्ही एकापाठोपाठ ऐकवा.