मान घासून काळेपणा जात नाही: पीसीओएसचे आपले अनुभव

पीसीओएस म्हणजे अंडाशयाचा आणि हार्मोनचा बिघाड, त्यात पाळी लांबते. आणि पाळी लांबली की आपल्याकडं आधी पोरीलाच बोल लागतो. म्हणून मराठवाड्यातल्या बायांनो, आपापलं लिहा. सुरुवात मी करते.

लातूर
दहावीत माझी मान काळी पडली. आईला वाटायचं, पोरगी नीट आंघोळ करत नाही. दर रविवारी न्हाणीत बसवून वजरीनं घासायची. कातडी सोलायची, रात्री उशीला मान टेकवायची नाही; काळं तिथंच. पाळी तीन-तीन महिने यायची नाही, ते मी सांगितलंच नाही. बाविसाव्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीच्या आधी मानच बघितली. म्हणाल्या, "हा मळ नाही. इन्सुलिन वाढल्याची खूण आहे." तेच इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी हार्मोन जास्त करायला लावतं, मग बीज सुटत नाही आणि पाळी लांबते. आई शेजारीच बसली होती. घरी आल्यावर तिनं वजरी उकिरड्यावर टाकली आणि माझ्या मानेला खोबरेल लावत बसली. बोलली काहीच नाही.

परभणी
मी काडीसारखी बारीक, त्यामुळं कुणाला पटतच नाही. पाहुणे बघायला येणार असले की पहाटे चारला उठून, मोबाइलच्या उजेडात हनुवटीचे राठ केस चिमट्यानं उपटायचे. सोनोग्राफीत अंडाशयं चांगली निघाली, तरी पीसीओएसच. अनियमित पाळी, पुरुषी हार्मोनच्या खुणा, सोनोग्राफीत अंडाशयावर दिसणाऱ्या खुणा, या तिन्हीतलं दोन पुरतं. थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं हार्मोन) मात्र आधी तपासून घ्या, त्यांच्यामुळंही पाळी बिघडते.

बीडजवळचं गाव
पाच महिन्यांनी आलेली पाळी सतरा दिवस थांबेना. शेजारच्या काकू म्हणायल्या, "पिशवीच काढून टाक, कटकट मिटंल." आमच्याकडं ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी बायांनी तरुणपणीच पिशवी काढली, त्यामुळं हा सल्ला दारात मिळतो. मी २६ वर्षांची. बायांनो, पिशवी काढून हा आजार जात नाही, तो अंडाशयाचा आणि हार्मोनचा आहे. पाळी लांबत गेली की पिशवीतलं अस्तर जाड होत राहतं, ते वेळेवर पडावं म्हणून गोळ्या असतात. मी त्याच घेतेय. आता महिन्याच्या महिन्याला येते.

नांदेड
लातूरच्या ताई, माझ्या लेकीला चौदावं चालू आहे. पाळी दोन-दोन महिने येत नाही, मानही काळी दिसायली. कोणत्या तपासण्या केल्या तेवढं सांगा. परवाच मी तिची मान घासली.