जुन्या यॉटची पर्किन्स इंजिनं: उघडून बांधायची की काढून टाकायची?

पाना_सांगली:
राम राम मंडळी. भांडायलाच धागा काढलाय, पण आधी हकिकत ऐका. आमचं एक जुनं गिऱ्हाईक, ऊसवाला माणूस, त्याने कोकणात खाडीत उभी असलेली 42 फुटी मोटर यॉट घेतली, सेकंडहँड, स्वस्तात पडली म्हणून. आत दोन पर्किन्स 6.354, म्हणजे सहा सिलिंडर आणि 354 घन इंच, आपल्या हिशोबात 5.8 लिटर. तिकडच्या लोकांनी सांगितलं दोन्ही भंगारात घाला आणि नवीन कॉमन रेलची, म्हणजे कॉम्प्युटरवर डिझेल मारणाऱ्या इंजिनांची, जोडी बसवा. कोटेशन बघून मालकाला घाम फुटला आणि तो माझ्याकडे आला, कारण त्याच्या मॅसी ट्रॅक्टरचं सिम्पसन मी बांधलेलं आणि सिम्पसन म्हणजे पर्किन्सच्याच घरातलं.

आंबा घाट उतरून दोनदा जाऊन आलो. ऑइल काळंकुट्ट पण दुधाळ नाही, म्हणजे पाणी मिसळलेलं नाही. टॅपेट कव्हर काढलं तर आत गंज नाही. हाताने फिरवलं तर सहाच्या सहा ठिकाणी कॉम्प्रेशन अंगावर येतंय. मग मेलंय काय, तर सगळं बाहेरचं. समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपाच्या रबरी इम्पेलरच्या दोन पाकळ्या गायब, त्या हीट एक्स्चेंजरच्या (समुद्राच्या पाण्यावर इंजिनाचं पाणी थंड होतं तो डबा) तोंडाशी अडकलेल्या सापडल्या, मागच्या नळ्या मिठाने बुजलेल्या, आणि बाकीच्या धातूऐवजी स्वतः गंजायला ठेवलेली झिंकची पेन्सिल असते तिथं नुसती टोपी उरलीय, पेन्सिल खाऊन संपली. यात इंजिनाच्या वयाचा काय दोष? वर्षात चाळीस तास चालवायचं आणि बाकी दिवस खाऱ्या पाण्यात उभं ठेवायचं, आमच्या गुऱ्हाळाचं इंजिन असं ठेवलं असतं तर तेही बसलं असतं. मी म्हणतो ओव्हरहॉल करा. नवीन जोडीचं कोटेशन माझ्या अंदाजाच्या सहापट आहे, बोला.

बंदरावरचा:
भाऊ, पंधरा वर्षं बोटींवर काढलीत म्हणून स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ट्रॅक्टर बंद पडला तर माणूस बांधावर बसून बिडी ओढतो. बोट बंद पडली की वारा आणि भरती तिला खडकाकडे नेतात. कॉम्प्रेशन हाताला लागलं म्हणजे इंजिन चांगलं असं होत नाही. एक्झॉस्टचा एल्बो काढून आत हाताचं बोट घातलं का? तिथं गरम धूर आणि खारं पाणी एकत्र येतं, तो आतनं सडतो, बाहेरून रंग एकदम झकास असतो. तो फुटला की पाणी उलटं सिलिंडरमध्ये. मालकाची पोरंबाळं त्या बोटीत बसणार आहेत हे लक्षात घ्या.

कुपवाडचा_लेथ:
लगा, सांगली जिल्ह्याला इंजिन शिकवायला निघालाय व्हय? किर्लोस्करवाडी 1910 पासून इथं आहे. क्रँक घासायचा, लायनर घालायचे, हेडला फेस मारायचा, सगळं आठवड्यात होतंय आपल्याकडं. पाना, इंजिनं टेम्पोत घाल आणि आण वर. पाण्याची कनेक्शनं, बुश वगैरे पितळेत फर्स्ट क्लास काढून देतो.

बंदरावरचा:
हेच, हेच म्हणत होतो मी. पितळ! लेथदादा, पितळ समुद्राच्या पाण्यात घातलं की त्यातलं जस्त निघून जातं आणि उरतो सच्छिद्र तांब्याचा सांगाडा. पेरूच्या गरासारखा गुलाबी दिसतो आणि हाताने मोडतो. पाण्याच्या बाजूला गनमेटल नाहीतर ब्राँझच लागतं. आणि किर्लोस्करवाडीला पंप होतात, ऑइल इंजिनची कंपनी 1946 ला पुण्यात निघाली. अभिमान ठेवा पण पत्ता बरोबर सांगा.

कुपवाडचा_लेथ:
पत्ता तुमचा बरोबर. गनमेटल पण मिळतंय, पैसे जास्त पडतील एवढंच.

बामणोली_लाँच:
आमची लाँच कोयनेच्या पाण्यात, शिवसागरात. वासोट्याचे ट्रेकर आणि पलीकडच्या गावातली माणसं नेतो. दोन सिलिंडरचं जुनं इंजिन आहे, वडिलांनी घेतलेलं, दोनदा रिंगा टाकल्या, एकदा क्रँकचे बेअरिंग, अजून एका हँडलात चालू होतंय. मी पाना दादांच्या बाजूने. पण आमचं पाणी गोडं आहे हे पण सांगायला पाहिजे. आणि पावसाळ्यात धंदा बंद असतो तेव्हा डिझेलची टाकी गच्च भरून ठेवतो. अर्धी ठेवली की आत दव धरतं, पाणी तळाला बसतं आणि डिझेल नि पाण्याच्या मधे शेवाळासारखी काळी बुळबुळीत मळी तयार होते. पहिल्या वर्षी हे माहीत नव्हतं, दिवाळीच्या गर्दीत तीन फिल्टर चोंदले, अर्ध्या तळ्यात वल्हं मारत आलो, ट्रेकर लोक व्हिडिओ काढत होते.

मिरजेची_मेकॅनिकल:
बामणोली दादांनी महत्त्वाचं सांगितलं आणि त्यावरून पाना काकांना प्रश्न. दोन इंजिनं आहेत, एक गेलं तर दुसऱ्यावर घरी येऊ, असा सगळ्यांचा हिशोब असतो. पण डिझेल कुठून येतं? एकाच टाकीतून असेल तर समुद्र खवळला की तळाची मळी ढवळली जाते आणि दोन्ही इंजिनं पाच मिनिटांच्या फरकाने बंद. मग नवीन असो की जुनं, सारखंच. उलट कॉमन रेलमध्ये प्रेशर 1,500 बारच्या पुढे जातं, जुन्या नोझलला 200 च्या आसपास, त्यामुळे पाण्याचा थेंब नवीन इंजेक्टरला जास्त महाग पडेल. मी नवीनच्या विरोधात नाही, धूर कमी, आवाज कमी, डिझेल कमी. पण ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, बसला तर खाडीत कोण येणार आहे लॅपटॉप घेऊन?

बंदरावरचा:
ताई, येतात. पैसे घेतात पण येतात. पर्किन्सचा जुना जाणकार मात्र आता शोधावा लागतो. आणि पानाभाऊ, तुम्ही ती चालू कशी केलीत ते सांगितलं नाही अजून.

पाना_सांगली:
सांगणार नव्हतो पण विचारलंच आहे तर. पहिल्या खेपेला डावं इंजिन चालू करायला गेलो. फिल्टर बदललेला, लाइनमध्ये हवा होती. हवा काढली आणि ट्रॅक्टरला मारतो तसा स्टार्टर मारत बसलो, पाच सहा वेळा, लांब लांब. मग एकदम ठक्क करून थांबलं. बॅटरी भरलेली, तरी हलेना. नोझल काढली, पुन्हा फिरवलं तर मागच्या सिलिंडरमधनं पाण्याची पिचकारी थेट छपराला. जीभ लावून बघितली, खारट. इंजिन पेटत नव्हतं तरी समुद्राचा पंप फिरत होता, पाणी सायलेन्सरमध्ये ढकलत होता, आणि ते बाहेर फेकायला धूरच नाही. साचत साचत मॅनिफोल्डमधनं आत आलं. समुद्राचा कॉक बंद करून स्टार्टर मारायचा आणि पेटलं की लगेच उघडायचा, हे मला त्या दिवशी कळलं. तीन वेळा ऑइल बदललं, रात्री अकराला इंजिन चालू करून तासभर चालवलं तेव्हा झोप लागली. पाणी काही दाबलं जात नाही, तरी कनेक्टिंग रॉड वाकला नाही हे नशीब.

बंदरावरचा:
वाकला नाही हे कशावरून?

पाना_सांगली:
बरोबर आहे. उघडल्याशिवाय नाही सांगता येत. म्हणून डावंच आधी उघडणार.

कृष्णाकाठ_वांगी:
सगळं वाचलं. मालकाने बोट विकून आणखी चार एकर घ्यावं. (मी गंमत करत नाहीये.)

मिरजेची_मेकॅनिकल:
😄 काका, 2019 च्या पुरानंतर सांगलीत बोट असलेली बरी असं माझी आजी म्हणते.

बंदरावरचा:
माझं मत आहे तेच आहे, माझी बोट असती तर मी नवीन घातली असती. पण तुम्ही उघडणारच असाल तर दोन्ही एल्बो नवीन घाला, जुने वेल्डिंग मारून वापरू नका. शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथं पाणी अडवणाऱ्या ग्लँडची दोरी पण बदला. ती ट्रॅक्टरच्या सीलसारखी कोरडी घट्ट आवळायची नसते, चालताना थेंब थेंब गळली पाहिजे, नाहीतर शाफ्ट घासून खोबण पडते. आणि कपलिंगचं अलाइनमेंट बोट पाण्यात सोडल्यावर परत बघा. जमिनीवर टेकूवर असताना बॉडी वेगळी बसते.

पाना_सांगली:
हे शेवटचं मला माहीत नव्हतं. मी वरच फीलर गेज लावून मोकळा झालो असतो. दोरी किती एमएमची लागेल?

बंदरावरचा:
जुनी काढून मोजा. पण चपटी झालेली असेल, तिच्यावर जाऊ नका, शाफ्ट आणि घराच्या मधली फट मोजा. फोटो टाका, सांगतो.