बांधकामात बायका वाढल्या म्हणे. कुठे?

वारजेनाका
पुण्यात बांधकाम क्षेत्रात महिलांचा सहभाग वाढतोय, असं हल्ली येताजाता ऐकू येतं. माझं मत: वाढला तो केबिनमध्ये. आर्किटेक्ट, क्यूएस (कामाची मापं आणि खर्च काढणारे), प्लॅनिंग, सेल्स. साईटवर उलट घटलाय. पूर्वी स्लॅबच्या दिवशी मिक्सरपासून वरपर्यंत घमेली हातोहात देणाऱ्या बायकांची रांग असायची. आता आरएमसीची, म्हणजे तयार काँक्रीटची गाडी येते, पंप लागतो, की झालं. रांगेतल्या बायका काही पंपावर गेल्या नाहीत. उरल्यासुरल्या आधीही बिगारी, आजही बिगारी. त्यांच्यासोबत कामाला लागलेला पोरगा मात्र दोन-तीन वर्षांत हातात थापी धरतो.

सूसरोड
लेबर कॉन्ट्रॅक्ट घेतो, म्हणून लिहितो. अडवलंय कोणी? ओळंबा, पाणसळ, गुण्या ही गवंड्याची हत्यारं शिकायला मिस्त्रीच्या हाताखाली टिकून राहावं लागतं. बायका पेरणी आली की गावी जातात.

कव्हरब्लॉक
पेरणीला नवरे जात नाहीत वाटतं?

आणि वारजेनाका, तुमच्याशीही असहमत. मी केबिनमध्ये नाही, साईट इंजिनिअर आहे. स्टील चेक करते, काँक्रीटची ताकद तपासायला क्यूब भरून घेते. सुरुवातीला सेंट्रिंगवाला (स्लॅबचा साचा बांधणारा) माझं सगळं ऐकून घ्यायचा आणि मग सरांना विचारायला जायचा. एकदा कव्हर ब्लॉक (सळई साच्याला टेकू नये म्हणून खाली ठेवायचे ठोकळे) नव्हते म्हणून स्लॅब ओतू दिला नाही. माल भरलेली गाडी खाली उभी, सगळे माझ्याकडे बघतायत. ब्लॉक लागले, मगच पंप सुरू झाला. त्यानंतर सरांकडच्या फेऱ्या थांबल्या. शकुंतला भगत १९५३ साली व्हीजेटीआयमधून सिव्हिल इंजिनिअर झाल्या, पुढे पुलांच्या कामात नाव काढलं. आणि आम्हाला अजून मुलाखतीत विचारतात, ‘डिझाइनला का नाही जात?’ (काम बाराव्या मजल्यावर आणि संडास तळाला, हे मुलाखतीत कुणी सांगत नाही.)

वारजेनाका
मॅडम, मान्य. पण तुमचं नाव पगारपत्रकावर आहे. आमच्याकडे नवरा-बायकोची जोडी लावतात, हजेरी नवऱ्याच्या नावावर आणि उचलही त्याच्याच हातात. बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. हजेरीतच नाव नसेल तर बाईने दाखला मागायचा कुणाकडे? नोंदणी नाही म्हणून बाळंतपणाचे पैसेही नवऱ्याची नोंदणी असेल तरच. बिल्डर बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकर भरतो, तो याच कामगारांसाठी. पाळणाघराचं तेच. १९९६ च्या कायद्यात ५० पेक्षा जास्त महिला कामगारांची अट होती. एका टॉवरवर सहा ठेकेदार, प्रत्येकाकडे थोड्या थोड्या बायका. पन्नाशी भरते कुणाची?

सूसरोड
मोठ्या साईटवर पाळणाघरं आहेत, तारा मोबाइल क्रेशेससारख्या संस्था पुण्यात चालवतात. छोट्या ठेकेदाराने कुठून आणायचं? आणि बायकांना रोज कमी का म्हणाल तर सिमेंटची गोणी ५० किलोची असते. बाई उचलते का?

कव्हरब्लॉक
तुमचे पुरुष बिगारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत गोण्याच उचलतात का हो? निम्मा वेळ ते आणि बायका तेच काम करतात. समान वेतनाचा कायदा १९७६ सालीच झाला. आणि तुम्ही ‘हलकी कामं’ म्हणून बायकांना देता त्यात क्युरिंग येतं. पाणी मारायला चुकलं तर स्लॅबला भेगा जातात, काँक्रीटला ताकद येत नाही. अख्खी बिल्डिंग ज्या कामावर उभी, ते हलकं?

पेठेतलाच
आमच्या वाड्याच्या दुरुस्तीला एक बाई प्लास्टर करायला होती. काम एक नंबर. रोज मात्र बिगारीचा घेत होती, म्हणे ‘मालक तेवढाच देतो’.

कव्हरब्लॉक
घ्या. सूसरोड, पुढच्या कामाला टाइल्सच्या गँगमध्ये दोघींना घ्या. हेल्पर म्हणून नाही, कारागीर म्हणून.

सूसरोड
येणारी मिळाली तर घेतो, रोजही कारागिराचाच देईन. पण टाइल पोकळ वाजली तर बिल कापणार. मग बाई आहे म्हणून सांगायला यायचं नाही.

वारजेनाका
पुरुषांची पोकळ वाजली की कापता ना?

सूसरोड
सगळ्यांची नाही कापत, खरंय. जुन्या माणसांना सांभाळून घ्यावं लागतं.

वारजेनाका
मग त्या दोघींनाही तेवढंच सांभाळून घ्या.