कुत्र्याचं पिल्लू पहिल्यांदा खाली नेताना: पुण्यातल्या अनुभवींचा धागा

"लसीचे दोन डोस झालेत, आता खाली नेलं तर चालेल ना?" घरात पिल्लू आलं की पंधरा दिवसांत हा प्रश्न येतोच. उत्तर देणारेही दोन टोकांचे. एक म्हणतो चार महिने दाराबाहेर काढूच नका, दुसरा म्हणतो आमचं तर दीड महिन्याचं असताना मैदानात पळत होतं. ज्यांनी बरीच पिल्लं वाढवली आहेत, तपासली आहेत किंवा शिकवली आहेत, त्यांनी कृपया लिहावं: वय किती, जागा कोणती, हाताशी काय ठेवायचं, काय चुकतं आणि का. लाडाचे किस्से आणि फोटो दुसरीकडे टाकू. इथे उद्या सकाळी उपयोगी पडेल ते हवं आहे.

पशुवैद्यक, कोथरूड

आधी 'डोस झाले' म्हणजे काय ते पाहू. आईच्या पहिल्या दुधातून पिल्लाला प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) मिळतात. ती पिल्लाला जपतात, पण लसही निष्प्रभ करतात. त्यांचं प्रमाण प्रत्येक पिल्लात वेगळ्या वेळी उतरतं. एकाच वेतातली दोन भावंडंही सारखी नसतात. मधे काही दिवस असे येतात की प्रतिपिंडं रोग रोखायला अपुरी पडतात आणि लस अडवायला मात्र पुरतात. म्हणून डोस दर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा देतात. पहिला सहा ते आठ आठवड्यांचं असताना आणि शेवटचा सोळाव्या आठवड्यात किंवा त्यानंतर. वर्ल्ड स्मॉल अ‍ॅनिमल व्हेटरनरी असोसिएशनची मार्गदर्शिका हेच सांगते. त्यामुळे सहाव्या आणि नवव्या आठवड्यात दोन डोस झाले आणि कार्ड भरलं, तर ते काम अर्ध्यावरच राहिलेलं आहे. रेबीजची लस साधारण बारा आठवड्यांनंतर. शेवटच्या डोसनंतर आणखी एक ते दोन आठवडे थांबून मगच मोकळ्या जमिनीवर सोडा.

कार्ड नीट बघा. प्रत्येक डोससमोर बाटलीवरचं स्टिकर हवं, त्यावर बॅच नंबर आणि मुदत, शेजारी डॉक्टरांची सही-शिक्का. विकणाऱ्याने नुसती पेनाने तारीख लिहून दिली असेल तर तो डोस झालेला नाही असं धरा आणि आपल्या डॉक्टरांकडून वेळापत्रक नव्याने आखून घ्या. लस २ ते ८ अंश तापमानात राहिली नसेल तर टोचूनही उपयोग नसतो, आणि ते कार्डावर कुठेच दिसत नाही. ताप किंवा जुलाब असतील तर डोस पुढे ढकलतात. जंताचं औषध बारा आठवड्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, मग सहा महिन्यांपर्यंत महिन्यातून एकदा.

खरी भीती पार्वोची, म्हणजे आतड्यांवर हल्ला करणाऱ्या विषाणूची. डिस्टेंपरचा विषाणू उन्हात, कोरड्या हवेत फार टिकत नाही. तो मुख्यतः आजारी कुत्र्याच्या जवळ गेल्याने लागतो. पार्वो मात्र आजारी कुत्र्याच्या शीतून मातीत उतरतो आणि तिथे महिनोन् महिने जिवंत राहतो. शी कधीच वाळून गेलेली असते, जागा स्वच्छ दिसते, विषाणू तिथेच असतो.

पिल्लांना शिकवण्याचं काम, औंध

डॉक्टरांचं सगळं बरोबर, पण त्याचा अर्थ सोळा आठवडे घरात कोंडणं असा कुणी घेऊ नये. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे पाहतं, ऐकतं, ते त्याच्या लेखी नेहमीचं होतं. नंतर तीच गोष्ट पहिल्यांदा दिसली की भीती बसते. अमेरिकेतल्या पशुवर्तनाचा अभ्यास करणाऱ्या पशुवैद्यकांच्या संघटनेने २००८ सालीच सांगितलंय, की पहिल्या डोसला किमान सात दिवस झाले की सात-आठ आठवड्यांचं पिल्लू स्वच्छ जागेतल्या पिल्लांच्या वर्गाला नेता येतं.

मग करायचं काय? उचलून न्यायचं. पुढे लटकवायची कापडी झोळी किंवा जुनी ओढणी, आत एक धुतलेला पंचा. रोज दहा ते पंधरा मिनिटं, पाय जमिनीला लागू द्यायचे नाहीत. पहिला दिवस फक्त जिन्यात, दुसरा गेटपाशी, तिसरा रस्त्याच्या कडेला. दाखवायचं ते असं: हेल्मेट घातलेला माणूस, रेनकोट, उघडणारी छत्री, वॉचमनची काठी, भंगारवाल्याची हातगाडी, पीएमपीच्या बसचा हॉर्न, दप्तर घेतलेली मुलं. लोक हात लावायला धावतात. एका वेळी एकच माणूस, आणि हात छातीपाशी. वरून डोक्यावर नाही.

पुण्यात वेगळा विचार लागतो तो ढोल-ताशाचा. गणपतीच्या आधी महिना-दोन महिने पथकांचा सराव संध्याकाळी चालू होतो, नदीकाठी तर आवाज लांबवर जातो. तिथे थेट नेऊ नका. आवाज ऐकू येईल पण पिल्लू हातातला खाऊ खाईल, इतक्या अंतरावर थांबा. उकडलेल्या चिकनचा हरभऱ्याएवढा तुकडा पुढे करा. खाल्ला तर अंतर ठीक. तोंड फिरवलं, ओठ चाटायला लागलं, जांभया देतंय, शेपटी पोटाखाली गेली, तर पन्नास पावलं मागे. दोन-तीन दिवस त्याच अंतरावर राहून मगच पुढे सरकायचं. दिवाळीच्या फटाक्यांना मात्र हा प्रयोग नको, तेव्हा आतल्या खोलीत खिडक्या लावून बसवा.

सोसायटीतला माणूस, बाणेर

जागा कशी निवडायची ते लिहितो. एकच प्रश्न विचारा: इथे कोणती कुत्री शी-शू करतात, आणि त्यांना लस झालीय हे मला माहीत आहे का? या कसोटीवर स्वतःची गच्ची पास, लस झालेला मोठा कुत्रा असलेल्या मित्राचं घर पास. सोसायटीची हिरवळ नापास, कितीही कापलेली असो. विजेचा खांब, कचराकुंडी, चहाच्या टपरीमागची जागा, मंगल कार्यालयाचं मागचं दार तर नकोच.

आपल्या चपला हीच माती घरात आणतात, म्हणून दाराबाहेर काढा. पिल्लाची फरशी पुसायला फिनेल पार्वोवर चालत नाही. साधं ब्लीच लागतं, एक भागाला तीस भाग पाणी. म्हणजे एक लिटर पाण्यात साधारण ३५ मिली. आधी घाण साबणाने धुवून काढायची, कारण घाणीवर ब्लीचचा जोर संपतो. मग दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, पाण्याने पुसायचं, वाळल्यावर पिल्लाला सोडायचं. ब्लीचमध्ये अ‍ॅसिड किंवा संडास धुण्याचं लिक्विड कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो.

पार्किंगमध्ये उंदरांचं औषध कुठे ठेवलंय ते हाउसकीपिंगला विचारून घ्या. विचारायला लाजू नका.

पट्ट्यांबद्दल, सिंहगड रोड

मानेच्या पट्ट्याला दोरी लावून ओढू नका, अंगात घालायचा हार्नेस घ्या. पट्टी आणि अंग यात दोन बोटं जावीत, तिसरं जाऊ नये. पिल्लू वाढतं, त्यामुळे दर रविवारी पुन्हा तपासा.

बहुतेक पिल्लं सुटतात ती पुढे धावून नाही, मागे सरकून. रिक्षाचा हॉर्न वाजतो, पिल्लू चार पावलं मागे जातं, कोपर आत घेतं आणि हार्नेस डोक्यावरून निघून हातात उरतो. घरातच समोर उभं राहून दोरी हलकी ताणून पाहा. निघत असेल तर ढिला आहे. खात्री हवी तर एक छोटी साखळी हार्नेसमधून मानेच्या पट्ट्याला जोडा, एक सुटलं तरी दुसरं धरतं. दोरी पाच-सहा फुटांची, साधी. बटण दाबून लांब होणारी नको, मोटारसायकल येते तेव्हा ती आवरत नाही. पट्ट्याला फोन नंबरची चकती हवीच. बाहेर नेण्याआधी हे सगळं तीन-चार दिवस घरात घालून फिरवा.

गल्लीतली कुत्री, वडगाव शेरी

या विषयावर भीती पसरवायची नाही, पण शिस्त हवी. गल्लीतली कुत्री आपली हद्द राखतात. पहाटे पाच-साडेपाचला रस्ता मोकळा असतो तेव्हा ती सगळ्यात जागी असतात. सहा-साडेसहाला माणसांची ये-जा सुरू झाली की निवळतात. खायला घालणारे कोणत्या कोपऱ्यावर किती वाजता येतात ते पाहून ठेवा आणि ती वेळ टाळा. थंडीत पिल्लं घातलेली आई बांधकामाच्या वाळूपाशी किंवा उभ्या गाडीखाली असते, तिथून वळसा घालून जा.

कुत्रं वीस-पंचवीस फुटांवर दिसलं की तेव्हाच पिल्लू उचला, शांतपणे. अंगावर आल्यावर घाईने उचललं तर ते पिल्लासाठी वर उडी मारतं आणि पिल्लू ओरडतं. उचललं की बाजू करून उभं राहायचं, डोळ्यांत बघायचं नाही, पळायचं नाही, मग सावकाश आलेल्या वाटेने परत.

चावलंच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. हळद नको, चुना नको. त्याच दिवशी डॉक्टर, पिल्लाला रेबीजची लस आधी झालेली असली तरी. सोडवताना माणसाला ओरखडा आला असेल तर त्यानेही तसंच धुवून लगेच दवाखान्यात जायचं. महापालिकेचा कुत्रा पाळण्याचा परवाना काढायलाही रेबीजचं प्रमाणपत्र लागतं, ते जपून ठेवा.

टेकडीवर रोज जाणारे, तळजाई आणि वेताळ

सहा महिन्यांच्या आत टेकडीची घाई नको. नेलंत तरी चालण्याचा ढोबळ हिशोब महिन्याला पाच मिनिटं: चार महिन्यांचं पिल्लू, वीस मिनिटं. हा शास्त्रीय नियम नाही, पण हाडं वाढत असताना हात राखून राहायला मदत होते.

उन्हाळ्यात तळहाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकवा. टेकवता आली नाही तर पिल्लाचे तळवे भाजतील. एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेसातच्या आत घरी या. संध्याकाळी मात्र आठनंतरही हाताने तपासूनच, कारण डांबर उशिरापर्यंत तापलेलं राहतं. पग, शीत्झू अशा चपट्या नाकाच्यांना आणखी जपा.

पावसाळ्यात डबकं चाटू देऊ नका. उंदरांच्या मूत्रातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस या आजाराचा जंतू) त्यात उतरतो. त्याची लस घेतली आहे का हे कार्डावर 'एल' या अक्षराने कळतं. भेक तोंडात धरला तर फेस येतो. तोंड खाली करून ओल्या फडक्याने हिरड्या बाहेरच्या दिशेने पुसा, पाणी घशात जाऊ देऊ नका, आणि डॉक्टरांना फोन करा. दुभाजकावरच्या कण्हेरीची पानं-फुलं हृदयासाठी विषारी आहेत, पडलेली पानंही.

आणि कुसळं. ऑक्टोबरपासून टेकडीवरचं गवत तांबूस होतं तेव्हापासून. एक कुसळ हातात घेऊन बघा: टोक सुईसारखं, त्यावर मागे वळलेले बारीक केस, वर लांब शेपूट. शेपूट ओलं झालं की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो, आणि टोक गिरमिटासारखं आत शिरतं. केस मागे वळलेले, त्यामुळे ते पुढेच जातं, मागे येत नाही. बोटांच्या बेचक्यात शिरलं तर दोन दिवसांनी तिथे लाल फोड आणि सतत चाटणं. कानात गेलं तर एकाच बाजूला मान झटकणं, नाकात गेलं तर अचानक एकामागून एक शिंका. कानातलं, नाकातलं घरी काढायला जाऊ नका. घरी आल्यावर चारही पाय, बेचक्या, काखा, कानाच्या मागे बारीक दातांची फणी फिरवा. वाट सोडून गवतात सोडायचं नाही हा खरा उपाय.

त्याच वेळी गोचिडी बघा: कानाच्या आत, पट्ट्याखाली, बोटांमध्ये. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. रॉकेल, काडी, पिळणं नको. औषध वजनावर ठरतं, मोठ्या कुत्र्याची कुपी अर्धी करून पिल्लाला लावू नका.

दुचाकीवरून नेणाऱ्यांसाठी, चिंचवड

अ‍ॅक्टिव्हाच्या पायाशी पिल्लू ठेवून नेऊ नका, एका ब्रेकला ते खाली पडतं. मागे बसलेल्याच्या पोटाशी झोळी, नाहीतर सरळ रिक्षा, मांडीवर चादर घालून. निघण्याआधी दोन तास खायला नको, म्हणजे उलटी होत नाही.

पशुवैद्यक, कोथरूड

शेवटची भर. बाहेर जायला लागल्यावर दोन आठवडे रोज शी बघा. पार्वो लागल्यावर साधारण तीन ते सात दिवसांत दिसतो: आधी सुस्ती आणि खाणं बंद, मग उलट्या, मग रक्ताची, सडका वास येणारी पातळ शी. खाणं बंद आणि उलटी, एवढ्यावरच निघा. दहीभात देऊन उद्याची वाट बघण्यात पिल्लाच्या अंगातलं पाणी संपतं. शीवरून तपासणीचं किट साधारण दहा मिनिटांत सांगतं, म्हणून थोडी शी डबीत घेऊन या. निघताना दवाखान्यात फोन करून "पार्वोची शंका आहे" असं स्पष्ट सांगा, म्हणजे तुम्हाला वेगळ्या दाराने घेता येईल. आणि पिल्लू ठणठणीत असून फक्त डोससाठी आला असाल, तरी आमच्या दवाखान्यातली फरशी हीसुद्धा जमीनच आहे. तासाभरापूर्वी तिथे कोण बसलं होतं ते तुम्हाला माहीत नसतं. नंबर येईपर्यंत त्याला मांडीवरच ठेवा.